रहाडीच्या फुटेजचे रूपांतर: एका माहितीपटाच्या संकलनाचा प्रकरण अभ्यास

कॅमेऱ्यातून आलेली व्हिडिओ फाइल एडिटिंगच्या संगणकावर अडखळू लागली की ती कन्व्हर्ट करून घ्यावी, असा सल्ला लग्नाचे शूटिंग करणाऱ्यांपासून महाविद्यालयातील हौशी मंडळींपर्यंत सगळेच एकमेकांना देतात. कोणती फाइल, कशात आणि कशासाठी बदलायची, हे मात्र त्या सल्ल्यात सहसा नसते. गुणवत्ता टिकवायची म्हणजे बिटरेट (दर सेकंदाच्या चित्रासाठी खर्च होणारी माहिती) वाढवायचा, एवढाच त्याचा अर्थ घेतला जातो. पुढील प्रकरणात बिटरेट अगदीच निर्दोष नव्हता, पण नुकसानीत त्याचा वाटा सर्वांत लहान होता. मोठे नुकसान झाले ते रूपांतराच्या वेळी कोणाच्या लक्षात न येता बदललेल्या गोष्टींमुळे: फील्डची रचना, रंगाच्या नमुन्यांची मांडणी, बिटची खोली, रेंज आणि फ्रेमची गती. शिवाय ज्या फुटेजची काळजी सर्वांना सर्वाधिक होती, त्याचे कायमचे रूपांतर करण्याची मुळात गरजच नव्हती.

परिस्थिती

नाशकात रंग खेळला जातो तो रंगपंचमीला, आणि जुन्या नाशकात तो खेळला जातो रहाडीत. रहाड म्हणजे पेशवेकाळापासून चालत आलेला जमिनीतला मोठा हौद. वर्षभर तो लाकडी फळ्या आणि माती टाकून बुजवलेला असतो आणि त्यावरून नेहमीची रहदारी चालू असते. रंगपंचमीच्या तोंडावर तो उकरून, धुऊन, पाण्याने भरला जातो, त्यात त्या रहाडीचा ठरलेला रंग कालवला जातो आणि पूजा झाली की लोक काठावरून त्यात उड्या घेतात. या उडीला तिथे धप्पा म्हणतात. जुन्या नाशकातच वाढलेल्या काही तरुणांनी एका रहाडीवर, ती उघडण्यापासून पुन्हा बुजवण्यापर्यंत, सुमारे चाळीस मिनिटांचा माहितीपट करायला घेतला. रंग केशरी होता. या प्रकरणात ही गोष्ट महत्त्वाची ठरली, कारण गडद लाल-केशरी रंग आणि वेगवान हालचाल एकत्र आली की व्हिडिओच्या साखळीतला प्रत्येक कच्चा दुवा उघडा पडतो.

फुटेज तीन प्रकारचे होते. गटातील एकाच्या काकांचा जुना कॅमकॉर्डर काठावर तिपाईवर लावलेला होता आणि त्यातून एव्हीसीएचडी पद्धतीचे सुमारे चार तास मिळाले: १९२०×१०८०, इंटरलेस्ड (एकाआड एक रेषांची अर्धी चित्रे, म्हणजे फील्ड), सेकंदाला ५० फील्ड, ८-बिट, बिटरेट सेकंदाला सुमारे १७ मेगाबिट. भाड्याने आणलेल्या नव्या मिररलेस कॅमेऱ्यावर साडेतीन तास चित्रित झाले होते: ४के, २५ फ्रेम, १०-बिट, ४:२:२ (दोन पिक्सेलमागे रंगाचा एक नमुना), एच.२६५, सेकंदाला सुमारे १७० मेगाबिट, आणि तेही लॉग प्रोफाइलमध्ये, म्हणजे नंतरच्या रंगकामासाठी मुद्दाम फिके ठेवलेल्या रूपात. उरलेला सुमारे तासभराचा भाग दोन-तीन मोबाइल फोनवरचा होता. अंतिम माहितीपट १०८० रेषांचा, २५ फ्रेमचा करायचा ठरले होते. ४के फुटेजचा उपयोग मुख्यतः चौकट कापून जवळचे दृश्य घेण्यासाठी होणार होता.

संकलनाचा संगणक काही वर्षांपूर्वीचा होता. त्यातला इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा, ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचे मधल्या श्रेणीतले, आत १ टीबीची एसएसडी आणि बाहेर ४ टीबीची, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क. नव्या कॅमेऱ्याची क्लिप टाइमलाइनवर टाकली की चित्र दोन-तीन सेकंद चालून थांबत असे. मग ओळखीतल्या कोणीतरी सुचवलेल्या एका मोफत कन्व्हर्टरमध्ये सगळेच फुटेज घालण्यात आले आणि ‘हाय क्वालिटी’ असा पर्याय निवडून त्याच्या एमपी४ फाइली करण्यात आल्या. त्या सुरळीत चालू लागल्या आणि संकलनही सुरू झाले. पहिला कच्चा संकलित भाग मोठ्या पडद्यावर लावला तेव्हा तक्रारी पुढे आल्या. संकलन करणाऱ्या मुलीने तेव्हा सांगितलेले लक्षण अचूक होते: “दादा, कॅमकॉर्डर थेट टीव्हीला जोडला की रंग नीट दिसतो, टाइमलाइनवर तीच क्लिप घेतली की उडणाऱ्या पाण्याच्या कडेला दाते पडतात.”

याखेरीज वाड्यांच्या वरच्या आकाशात पट्टे दिसत होते, फोनवरच्या ढोलाच्या दृश्यांत हालचाल ठेचकाळत होती, एका फोनच्या क्लिपांमध्ये गल्लीतली सावली निव्वळ काळी झाली होती, दुसऱ्या फोनवरचे चेहरे धुतल्यासारखे फिकट दिसत होते, आणि कॅमकॉर्डरच्या सलग चित्रणात ठरावीक अंतराने आवाजाला बारीक झटका बसत होता.

संगणक अडखळत का होता

रूपांतराआधी हा प्रश्न विचारला गेला असता तर पुढचे बरेच टळले असते. एच.२६४ (२००३) आणि एच.२६५ (२०१३) ही दोन्ही मानके मुख्यतः साठवण आणि प्रसारणाची जागा वाचवण्यासाठी घडवली गेली. कॅमेरे त्यांचा वापर बहुधा अशा रीतीने करतात की प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवली जात नाही. एक पूर्ण फ्रेम आणि तिच्यानंतरच्या अनेक फ्रेममध्ये केवळ आधीच्या-नंतरच्या फ्रेमशी असलेला फरक, अशी ती रचना असते. क्लिप सरळ पाहताना याचा त्रास होत नाही. संकलक मात्र सतत मागे-पुढे जातो, मधूनच कापतो, दोन थर एकावर एक ठेवतो, आणि प्रत्येक वेळी संगणकाला हवी असलेली एक फ्रेम उभी करण्यासाठी तिच्या आगेमागच्या कितीतरी फ्रेम उलगडाव्या लागतात.

हे काम ग्राफिक्स कार्डातील खास डिकोडर करू शकतो, पण त्याला ते विशिष्ट रूप ओळखता आले पाहिजे. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांत ४:२:२ रूपाचा एच.२६५ डिकोड करण्याची सोय २०२५ मध्ये आलेल्या ५० मालिकेपूर्वी नव्हती, आणि इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये ती अकराव्या पिढीपासून आली. आठव्या पिढीचा प्रोसेसर १०-बिट ४:२:० (रंगाची माहिती ४:२:२ च्या निम्मी) सहज उलगडतो. ४:२:२ समोर आले की सगळा भार सामान्य गणनेवर पडतो. म्हणजे संगणक सरसकट कमकुवत नव्हता, एका विशिष्ट रूपापुढे तो निरुपाय होता. कॅमकॉर्डरच्या फाइली त्याला मुळीच जड नव्हत्या, आणि तरीही त्या कन्व्हर्टरमध्ये घातल्या गेल्या. सगळ्या फुटेजला एकच उपाय लावण्याची ही सवय मला या प्रकरणातली मुळातली चूक वाटते.

कन्व्हर्टरने काय केले

मूळ आणि रूपांतरित फाइली मीडियाइन्फो या मोफत साधनात शेजारी शेजारी उघडल्यावर चित्र स्पष्ट झाले. तिन्ही प्रकारच्या फुटेजची एकसारखी फाइल झाली होती: एच.२६४, ८-बिट, ४:२:०, प्रोग्रेसिव्ह (फ्रेमच्या सगळ्या रेषा एकाच क्षणाच्या), २५ फ्रेम, बिटरेट सेकंदाला साधारण १० मेगाबिट. फोनवर पाहण्यासाठी किंवा कोणाला पाठवण्यासाठी हे रूप चांगले आहे. ज्यावर अजून रंगकाम व्हायचे आहे अशा फुटेजसाठी ते फार लवकर शेवट गाठते.

दात्यांचे कारण सविस्तर पाहण्यासारखे आहे, कारण केवळ बिटरेट वाढवून ते गेले नसते.

इंटरलेस्ड चित्रणात एका फ्रेममध्ये दोन क्षण असतात. विषम रेषा एका क्षणाच्या, सम रेषा त्यानंतरच्या, म्हणजे एक पन्नासांश सेकंदानंतरच्या. काठावरून झेपावणारा माणूस तेवढ्या वेळात काही इंच खाली आलेला असतो. अशी फ्रेम प्रोग्रेसिव्ह समजून दाखवली की हलणाऱ्या वस्तूच्या कडेला फणीसारखे दाते दिसतात. एवढे बहुतेकांना माहीत असते. रंगाची बाब मात्र यापेक्षा अवघड आहे. ४:२:० मध्ये उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलसाठी असते, पण रंगाचा नमुना चार पिक्सेलमध्ये एकच असतो, दोन आडवे आणि दोन उभे. इंटरलेस्ड चित्रात हा उभा वाटा शेजारच्या रेषांमध्ये होत नाही, तर एकाच फील्डच्या रेषांमध्ये होतो: पहिली आणि तिसरी रेषा मिळून एक नमुना, दुसरी आणि चौथी मिळून दुसरा. फाइलवर प्रोग्रेसिव्ह असा शिक्का बसला की डिकोडर पहिली आणि दुसरी रेषा मिळून एक नमुना धरतो, आणि मग एका क्षणाचा रंग दुसऱ्या क्षणाच्या उजेडावर जाऊन बसतो. करड्या किंवा फिक्या दृश्यात हे जाणवत नाही. पांढऱ्या सदऱ्यावर आदळणाऱ्या केशरी पाण्यात ते लगेच जाणवते, कारण तिथे आकार मुख्यतः रंगावरूनच कळतो. कॅमकॉर्डर टीव्हीला जोडल्यावर चित्र नीट दिसत होते ते याचमुळे: टीव्ही मूळ संकेत इंटरलेस्ड म्हणूनच वाचत होता.

आकाशातले पट्टे नव्या कॅमेऱ्याच्या फुटेजमधले होते. १०-बिटमध्ये प्रत्येक घटकाला १०२४ पायऱ्या असतात, ८-बिटमध्ये २५६. तयार, उठावदार चित्रासाठी २५६ पायऱ्या बहुतेक वेळा पुरतात. लॉग प्रोफाइलमध्ये मात्र दृश्यातला उजेडाचा मोठा पल्ला मधल्या भागात दाबून बसवलेला असतो, आणि संध्याकाळच्या आकाशाच्या वाट्याला मोजक्याच पायऱ्या येतात. रंगकामात कॉन्ट्रास्ट ताणला की त्या पायऱ्यांमधली अंतरे वाढतात आणि डोळ्यांना पट्टे दिसू लागतात. १०-बिट लॉगचे ८-बिट एमपी४ केले, याचा अर्थ त्या कॅमेऱ्याचे जादा भाडे ज्यासाठी भरले होते तीच गोष्ट पहिल्या टप्प्यात टाकून दिली.

फोनच्या फुटेजबाबत कन्व्हर्टरला थोडा न्याय द्यायला हवा. बहुतेक फोन ठरावीक गतीने चित्रण करत नाहीत; उजेड आणि प्रोसेसरवरचा ताण यांनुसार फ्रेममधले अंतर कमी-जास्त होते. अशी क्लिप थेट टाइमलाइनवर घेतली की चित्र आणि आवाज हळूहळू वेगळे पडू शकतात, आणि ढोलाच्या बाबतीत टिपरूचा ठोका चुकलेला कोणाच्याही लक्षात येतो. कन्व्हर्टरने गती स्थिर केली, ते योग्यच झाले. पण ती ३० वरून थेट २५ केली, म्हणजे साधारण प्रत्येक सहावी फ्रेम गाळली, आणि हालचाल ठेचकाळू लागली. काळ्या सावलीचा प्रश्न रेंजचा होता. व्हिडिओत सहसा काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर धरला जातो; त्या फोनने ० ते २५५ असा पूर्ण पल्ला वापरला होता, आणि तसे सांगणारी खूण रूपांतरात गळाली होती. फिकट चेहरे दुसऱ्या फोनच्या एचडीआर (उजेडाचा जास्त पल्ला टिपणाऱ्या) चित्रणामुळे होते. त्याची खूणही अशीच गळाली आणि एडिटिंग सॉफ्टवेअरने त्या क्लिपा साध्या समजून दाखवल्या.

आवाजाचा झटका कन्व्हर्टरच्याही आधीचा होता. एव्हीसीएचडी कॅमकॉर्डरचे कार्ड फॅट३२ पद्धतीचे (फाइलच्या आकाराला मर्यादा असलेले) असल्याने सलग चित्रण एकाच फाइलमध्ये मावत नाही; या यंत्रात दर २ जीबीला, म्हणजे सोळा मिनिटांच्या आसपास, नवी एमटीएस फाइल सुरू होत होती. तोडताना आवाजाची एखादी फ्रेम अर्धी इकडे आणि अर्धी तिकडे राहते. कार्डातील सूची आणि प्लेलिस्टच्या फाइलींत हे तुकडे सलग असल्याची नोंद असते, पण गटाने ‘स्ट्रीम’ या फोल्डरमधल्या फाइली तेवढ्या उचलल्या होत्या आणि बाकीची रचना कचरा समजून सोडून दिली होती. नाशकातच नव्हे, कुठेही कार्ड रिकामे करताना हे इतके सर्रास होते की त्याबद्दल कोणा एकाला बोल लावण्यात अर्थ नाही.

काय ठरवले

नव्या कॅमेऱ्याच्या फुटेजसाठी दोन मार्ग होते. पहिला म्हणजे सगळ्या क्लिपांचे प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर यांसारख्या मधल्या कोडेकमध्ये (चित्र दाबून साठवण्याच्या पद्धतीत) रूपांतर करणे. अॅपलचा प्रोरेस २००७ चा, अॅव्हिडचा डीएनएक्सएचडी त्याआधीचा, २००४ चा, आणि ४केसाठीचा डीएनएक्सएचआर २०१४ चा. यांत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवलेली असते, त्यामुळे संगणकाला ती क्षणात उघडता येते. दाब यांतही असतोच आणि काटेकोर गणिती अर्थाने नुकसानही होते, पण ते डोळ्यांना दिसत नाही आणि पुढच्या रंगकामाला पुरून उरते. अडचण जागेची आणि वेगाची होती. प्रोरेस ४२२ एचक्यूचा ४के, २५ फ्रेमचा दर सेकंदाला ७३७ मेगाबिट आहे, म्हणजे तासाला सुमारे ३३२ जीबी. साडेतीन तासांना ११०० जीबीहून अधिक, जे मूळ फुटेजच्या चौपटीपेक्षा जास्त होते. डीएनएक्सएचआर एचक्यूएक्सही याच पट्ट्यात येतो. हे एसएसडीत मावणार नव्हते, आणि फिरत्या डिस्कवरून असे दोन प्रवाह एकाच वेळी वाचायला लागले की अडखळणे पुन्हा सुरू झाले असते, फक्त त्याचे कारण प्रोसेसरऐवजी डिस्क असते.

म्हणून दुसरा मार्ग घेतला. मूळ फाइलींना हात न लावता प्रत्येक क्लिपची १०८० रेषांची हलकी प्रॉक्सी, म्हणजे संकलनापुरती बदली फाइल, डीएनएक्सएचआर एलबीमध्ये केली. साडेतीन तासांच्या प्रॉक्सी सुमारे ६० जीबीत मावल्या. कापाकापी, क्रम आणि आवाज हे सगळे प्रॉक्सीवर करायचे, आणि रंगकाम व अंतिम रेंडर (तयार माहितीपटाची फाइल काढणे) यांच्या वेळी सॉफ्टवेअरला पुन्हा मूळ फाइलींशी जोडायचे. रेंडर करताना संगणक सेकंदाला तीन फ्रेम काढो की तीस, चित्रात फरक पडत नाही. संथपणा त्रास देतो तो संकलकाला. या मार्गात प्रेक्षकापर्यंत पोहोचणारे चित्र थेट कॅमेऱ्याच्या फाइलीतून येते आणि मध्ये एकही जादा पिढी येत नाही. गुणवत्ता न गमावता रूपांतर करण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही.

प्रॉक्सीला दोन पथ्ये लागतात. प्रॉक्सीचे नाव, सुरुवातीचा टाइमकोड (फ्रेमवर नोंदलेली वेळ), एकूण फ्रेम आणि आवाजाच्या चॅनेलची संख्या मूळ फाइलीशी तंतोतंत जुळली पाहिजे, नाहीतर जोडणी एक-दोन फ्रेमने सरकते आणि ते शेवटपर्यंत कळत नाही. आणि रेंडरच्या आधी प्रॉक्सी वापरण्याचा पर्याय बंद असल्याची खात्री करावी लागते. तो चालू राहिला तर हलकी फाइलच मोठी करून अंतिम चित्रात उतरते.

कॅमकॉर्डरच्या फुटेजला दोन टप्पे लावले. पहिल्या टप्प्यात कार्डाची संपूर्ण फोल्डर-रचना बॅकअपमधून परत मिळवली, एकाच चित्रणाचे तुकडे क्रमाने बाइट-बाय-बाइट जोडले आणि एफएफएमपेग या मुक्त साधनाने चित्राचा प्रवाह जसाच्या तसा एमओव्ही कंटेनरमध्ये ठेवला. यात चित्र पुन्हा एन्कोड होत नाही. पत्र तेच राहते, पाकीट तेवढे बदलते. आवाज एसी-३ मध्ये होता, तो काही एडिटिंग सॉफ्टवेअरना उघडत नाही, म्हणून त्याचे पीसीएम (न दाबलेला आवाज) केले; दाबलेला आवाज उलगडून ठेवण्यात नव्याने काही गमावले जात नाही. चित्र खरोखर तेच राहिले याचा पुरावाही मिळवता येतो. एफएफएमपेग प्रत्येक उलगडलेल्या फ्रेमचा हॅश, म्हणजे तिच्या माहितीवरून निघणारा ओळखक्रमांक, काढून देते. जोडलेल्या मूळ प्रवाहाची यादी आणि एमओव्हीची यादी ताडून पाहिली आणि प्रत्येक ओळ जुळली. आवाजाचा झटकाही गेला.

दुसरा टप्पा डीइंटरलेस करण्याचा, म्हणजे दोन फील्ड सुटी करून पूर्ण फ्रेम बनवण्याचा. त्याआधी एक गोष्ट तपासली: काही कॅमकॉर्डर प्रत्यक्षात २५ प्रोग्रेसिव्ह फ्रेम टिपून त्या ५० फील्डच्या रूपात साठवतात, आणि अशा फुटेजला डीइंटरलेस केले तर उभा तपशील विनाकारण जातो. इथे वेगवान हालचालीच्या फ्रेममध्ये दोन्ही फील्डमधली स्थिती वेगळी होती, म्हणजे चित्रण खरेच इंटरलेस्ड होते. मग एफएफएमपेगचा बीडब्ल्यूडीआयएफ हा फिल्टर वापरला. यात यॅडिफ या जुन्या फिल्टरला बीबीसीच्या संशोधन विभागात विकसित झालेल्या वेस्टन यांच्या तीन-फील्ड पद्धतीची जोड दिलेली आहे. क्रम महत्त्वाचा होता. आधी मूळ ४:२:० वरच डीइंटरलेस, म्हणजे रंगाचे नमुनेही आपापल्या फील्डमध्येच सुटे होतात, आणि मग ४:२:२ मध्ये बदल. उलट क्रमाने, इंटरलेस्ड असल्याचे न सांगता, आधी ४:२:२ केले असते तर क्षणांचे रंग एकमेकांत मिसळून पक्के झाले असते आणि नंतरचा कोणताही फिल्टर ते सोडवू शकला नसता.

प्रत्येक फील्डमधून एक पूर्ण फ्रेम घेतली, म्हणजे सेकंदाला ५० फ्रेम मिळाल्या. अंतिम माहितीपट २५ फ्रेमचा असताना हा खटाटोप कशाला, असा प्रश्न गटातून आला आणि तो रास्त होता. उत्तर धप्प्याच्या दृश्यांत होते. ५० फ्रेमची क्लिप २५ च्या टाइमलाइनवर निम्म्या वेगाने चालवली तर एकही फ्रेम कृत्रिमरीत्या न बनवता संथगती मिळते, आणि काठावरून सुटलेला माणूस पाण्यात शिरेपर्यंतचा प्रत्येक टप्पा दिसतो. नव्या ४के कॅमेऱ्यावर २५ फ्रेमच टिपल्या होत्या, त्यामुळे ही सोय त्याच्याकडे नव्हती. काकांच्या जुन्या यंत्राने या एका बाबतीत महागड्या कॅमेऱ्याला मागे टाकले.

या क्लिपा प्रोरेस ४२२ मध्ये साठवल्या. मूळ ८-बिट असूनही १०-बिट कोडेक निवडला, कारण डीइंटरलेस करताना मधल्या रेषांची मूल्ये गणिताने काढली जातात आणि ती ८-बिटवर पुन्हा पूर्णांकात बसवण्यात बारीक चुका साठत जातात. १०८० रेषा आणि ५० फ्रेमला प्रोरेस ४२२ चा दर सेकंदाला सुमारे २४५ मेगाबिट, म्हणजे तासाला ११० जीबी पडतो; चारही तासांचे केले असते तर ४४० जीबी लागले असते. म्हणून संकलकाने आधी एमओव्ही फाइली पाहून लागणारे तुकडे निवडले, आणि तेवढ्यांचेच रूपांतर केले.

फोनच्या क्लिपांचे काम लवकर उरकले. गती स्थिर केली, पण ३० वरच. ज्या दृश्यांत ओठ किंवा ठोका जुळवायचा नव्हता ती २५ च्या टाइमलाइनवर फ्रेमला फ्रेम लावून मूळच्या ८३ टक्के वेगाने चालवली, आणि रंगाची उधळण तशी थोडी संथ झालेली उलट बरीच वाटली. ढोलाची दृश्ये मूळ वेगातच ठेवावी लागली. तिथे फ्रेम गाळणे अटळ होते, म्हणून ती आखूड कापली. पूर्ण रेंजच्या क्लिपांना योग्य खूण देऊन त्या रेंजचे रीतसर गणित करून घेतले, आणि सावलीतला तपशील जवळजवळ सगळा परत आला, कारण तो मुळात गेलेला नव्हता, चुकीच्या मापाने वाचला जात होता. एचडीआर क्लिपा मूळ रूपातच सॉफ्टवेअरमध्ये घेऊन तिथल्या रंग-व्यवस्थापनाकडून साध्या रूपात आणल्या.

तपासणी

सगळ्या फाइली एकदम रांगेत लावण्याआधी प्रत्येक प्रकारातला दहा-दहा सेकंदांचा एक नमुना करून पाहिला, आणि नमुना मुद्दाम वाईटातला वाईट निवडला: केशरी पाणी, पांढरा सदरा, वेगवान उडी. शांत, स्थिर दृश्यावर केलेली चाचणी सगळ्याच पद्धतींना पास करते आणि म्हणून काहीच सांगत नाही. मूळ आणि रूपांतरित क्लिप टाइमलाइनवर एकावर एक ठेवून वरच्या थराला ‘डिफरन्स’ हा मोड लावला. दोन्ही सारख्या असतील तर पडदा काळा दिसतो. प्रोरेस आणि मूळ यांच्यातला फरक नुसत्या डोळ्यांना काळाच होता. उजेड बराच ताणल्यावर सगळीकडे सारखा पसरलेला बारीक दाणा दिसला, आणि असा दाणा चालतो. मोफत कन्व्हर्टरच्या फाइलीत मात्र न ताणताही माणसांच्या कडा उमटून दिसत होत्या. फरकात दृश्यातले आकार ओळखू आले तर रूपांतराने तपशिलाला हात लावला आहे, असे धरावे. त्याखेरीज फ्रेमची एकूण संख्या ताडली आणि वेव्हफॉर्मवर (उजेडाच्या पातळ्यांच्या आलेखावर) काळा-पांढरा जागेवर आहे का, तेवढे पाहिले.

प्रॉक्सी करायला त्या संगणकाला रात्रभर चालावे लागले, पण दुसऱ्या दिवशीपासून संकलन अडखळले नाही. रंगकामाच्या वेळी मूळ १०-बिट फाइलींशी जोडणी केल्यावर आकाशातले पट्टे गेले. आधीच्या एमपी४ फाइलींवर केलेला कच्चा संकलित भाग फुकट गेला नाही, कारण नव्या कॅमेऱ्याच्या क्लिपांची नावे आणि २५ फ्रेमची गती तीच असल्याने बहुतेक दृश्ये आपोआप जोडली गेली. कॅमकॉर्डरची आणि फोनची दृश्ये हाताने पुन्हा लावावी लागली.

जे परत मिळाले नाही

कॅमकॉर्डरच्या एका कार्डाचा बॅकअप नव्हता. एमपी४ फाइली तयार झाल्यावर ते कार्ड फॉरमॅट करून पुढच्या चित्रणाला वापरले गेले होते, आणि रहाड उकरतानाची सकाळची दृश्ये त्यावरच होती. त्या एमपी४ फाइलींचे प्रोरेस करावे म्हणजे दर्जा सुधारेल, अशी सूचना आली. पण गेलेली माहिती मोठ्या फाइलीत घालून परत येत नाही, फक्त डिस्क भरते.

थोडा वाव मात्र शिल्लक होता. कन्व्हर्टरने फाइलीवर प्रोग्रेसिव्ह असा शिक्का मारला असला तरी चौकटीचा आकार १९२०×१०८० च ठेवला होता, त्यामुळे दोन्ही फील्डच्या रेषा आपापल्या जागी होत्या. आकार बदलला असता तर त्या एकमेकींत मिसळून गेल्या असत्या. बीडब्ल्यूडीआयएफला ही फाइल इंटरलेस्ड आहे, वरचे फील्ड आधीचे आहे, असे बाहेरून सांगितल्यावर दाते बऱ्याच अंशी गेले आणि रंगही पुष्कळसा जागेवर बसला. सेकंदाला १० मेगाबिटच्या दाबाने दात्यांभोवती उमटलेला चौकटी-चौकटींचा गाळ मात्र तसाच राहिला. माती उपसणाऱ्या फावड्यांच्या जवळच्या दृश्यांत तो सर्वाधिक दिसतो, म्हणून ती दृश्ये वगळून लांबून घेतलेली, कमी हालचालीची दृश्ये ठेवली आणि त्यांच्यावर कॉन्ट्रास्ट ताणला नाही. त्या क्लिपांचा रंग बाकीच्या माहितीपटापेक्षा किंचित मऊ दिसतो. आता हार्ड डिस्कवर तिन्ही स्रोतांची मूळ फोल्डर-रचना, तिची वेगळ्या घरी ठेवलेली दुसरी प्रत, आणि निवडक प्रोरेस क्लिपा आहेत. प्रॉक्सी पुसून टाकल्या आहेत, कारण त्या हव्या तेव्हा पुन्हा करता येतात.